बरी होत गेलेली सही

१

हेडबाई वारल्याला चौदा महिने झाले होते, आणि कागदोपत्री त्यांनी गेल्या सोमवारी आपल्या गोळ्या नेल्या होत्या.

ज्येष्ठांच्या औषध योजनेच्या कार्यालयात ही गोष्ट उघडकीला आली ती निवृत्तिवेतन खात्याच्या कृपेनं. त्या खात्यानं वर्षभरातल्या मृतांची यादी पाठवली, नेहमीसारखी बऱ्याच उशिरानं, आणि तिच्यातलं एक नाव औषधं चालू असलेल्यांच्या यादीतही निघालं. एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. औषध रक्त पातळ ठेवण्याचं, योजनेतल्या सगळ्यात महागड्या गोळ्यांपैकी एक. मृत्यूनंतर चौदा महिन्यांत चौदा डबे दुकानातून गेले होते.

साहेबांनी फाईल भिंगबाईंच्या टेबलावर आणून ठेवली. भिंगबाई हे त्यांचं कार्यालयातलं नाव. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यासाठी त्या एक जाड भिंग जवळ बाळगत, म्हणून कुणीतरी ते पाडलं आणि ते चिकटलं. वय सत्तावन्न. तपासनीस म्हणून एकवीस वर्षं झालेली. आई गेल्यापासून घरात एकट्याच राहायच्या, त्यामुळे कार्यालयातून सगळ्यात शेवटी निघायच्या.

योजनेचा नियम साधा होता. लाभार्थ्यानं दोन वर्षांतून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. तो दिला की एक ते चोवीस क्रमांकाच्या छापील चिठ्ठ्यांचं पुस्तक मिळायचं, महिन्याला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लाभार्थ्याची सही असली की औषध कुणीही न्यावं. म्हाताऱ्या माणसाला दुकानापर्यंत पायपीट नको, एवढाच हेतू. हेडबाईंनी दाखला दिला होता, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांत त्या गेल्या होत्या.

साहेबांच्या मते यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. कुणीतरी खोट्या सह्या ठोकतंय आणि महागडं औषध बाहेर विकतंय. कोण ते शोधा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत अहवाल द्या, म्हणाले.

भिंगबाईंनी दाखल्यावरची मूळ सही काढली आणि एकेक चिठ्ठी भिंगाखाली धरली. पहिल्या अक्षराचं वळण, मधेच उचललेली लेखणी, शेवटच्या वेलांटीची ओढ. दुपारपर्यंत त्यांनी चौदा वेळा तेच पाहिलं. मग त्या साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, सह्या खोट्या नाहीत," त्या म्हणाल्या. "चौदाच्या चौदा हेडबाईंनीच केल्या आहेत."

२

औषधाचं दुकान हेडबाईंच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. केमिस्ट काटेकोर माणूस. काउंटरवर धुळीचा कण नाही, आणि चेहऱ्यावर हसू म्हणाल तर तेही नाही. सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याच दुकानातून वटलेल्या, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर येणार हे त्याला न सांगता कळलं. त्यानं साठ्याची वही उघडून पुढे सरकवली. आलेला प्रत्येक डबा, गेलेला प्रत्येक डबा, सगळं जुळत होतं.

औषध न्यायला बहुतेक वेळा हेडबाईंचे यजमान येत, असं त्यानं सांगितलं. पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते, नकाशे काढायचे. गल्लीत सगळे त्यांना नकाशेकाका म्हणतात. पाऊस असला किंवा त्यांचे गुडघे धरले की पुतण्या यायचा. हेडबाई गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. आजारपणात त्या दुकानात कधी आल्या नव्हत्या, मग आल्या नाहीत म्हणून वेगळं काय वाटणार?

"समोर आलेल्या माणसाला मी विचारू का, की तुमची बायको आहे की गेली?" तो म्हणाला. "चिठ्ठीवर सही होती. सही मी तपासली."

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि भिंगबाईंनाही ते पटलं. निघता निघता त्यांनी पुतण्याबद्दल सहज चौकशी केली. काय करतो?

केमिस्टनं वही मिटली.

"औषध कंपनीचा विक्रेता आहे," तो म्हणाला. "गावोगाव हिंडून औषधंच विकतो."

३

दुमजली घरात खाली नकाशेकाका राहत होते आणि वर पुतण्या. योगायोगानं दोघंही घरी होते.

पुतण्या बडबड्या, गळ्यातला टाय सैल केलेला. आपल्यावर संशय आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला; पण त्यानं फिरतीच्या तारखांची डायरी लगेच आणून दाखवली. चौदापैकी तीनदाच तो दुकानात गेला होता, बाकीच्या वेळी गावातच नव्हता. पुडकं आणायचं आणि खालच्या टेबलावर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. काकांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या असतील असं समजून त्यानं ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. वर काकांची तक्रारच त्यानं सांगितली. काकू गेल्यापासून हे घराबाहेर पडत नाहीत, जेवायला वर बोलावलं तर येत नाहीत. महिन्यातून एकदा मात्र दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात जायचं म्हणजे जायचं.

नकाशेकाका उंच, ताठ, मितभाषी होते. त्यांनी स्वतः चहा केला. स्वयंपाकघरात ओळीनं डबे होते, आणि प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून आत काय आहे ते लिहिलं होतं. साखर. चहा. मीठ, भरल्याची तारीख. अक्षर छापल्यासारखं चौकोनी, आणि तारखेतल्या साताच्या आकड्याला पोटात एक आडवी रेघ. चिठ्ठ्यांवरच्या तारखांनाही तीच रेघ होती.

म्हणजे तारखा यांनी घातल्या होत्या. भिंगबाईंनी सरळच विचारलं. नकाशेकाकांनी नाकारलं नाही.

"तारखा माझ्या. औषध मीच आणतो. पुढचं मला विचारू नका."

"आणि सही?"

"सही तिची आहे. तुम्ही तपासली असेलच."

मग त्यांनी आपण होऊन कपाट उघडलं, पलंगाखालची पेटी ओढून दाखवली. त्यांच्या स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या. हेडबाईंची लेखणी होती, चष्मा होता, घडी घातलेली शाल होती. त्या शालीवरून हात फिरवताना ते काही क्षण कोण आलंय तेच विसरले. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा डबा काय, एक रिकामी पट्टीसुद्धा त्या घरात सापडली नाही.

गोळ्या घरात येत होत्या आणि घरातून कुठेतरी जात होत्या.

४

शेजारच्या दारावर 'शिलाई करून मिळेल' अशी पाटी होती. साक्षीदार म्हणून विचारावं, एवढ्याच विचारानं भिंगबाई तिथं गेल्या. शिलाईबाई सत्तरीच्या आसपासची, लहान चणीची, जिभेला धार असलेली. मशीनवरून न उठताच तिनं बोलायला सुरुवात केली.

हेडबाईंच्या शाळेत ती एकोणीस वर्षं शिवण शिकवायची. शिवाय मुलींचे फाटलेले गणवेश सांधणं, खिडक्यांचे पडदे, नाटकाचे कपडे, सगळं तिच्याच अंगावर. पण कामाला लागली ती रोजंदारीवर आणि राहिली ती रोजंदारीवरच. पगारपत्रकावर नाव नाही म्हणून निवृत्तिवेतन नाही, आणि निवृत्तिवेतन नाही म्हणून औषधाची योजनाही नाही. हेडबाई तिच्यासाठी तीन वर्षं भांडल्या.

"तुमच्याच कार्यालयात अर्ज केला होता त्यांनी," ती म्हणाली. "माझ्याजवळ बसून लिहिला. मी म्हटलं, बाई, कशाला जीव आटवता? तर म्हणाल्या, तू गप्प शिव."

बोलता बोलता ती कापडात सुई घालत होती, आणि सुई बोटात शिरली. तिनं सवयीनं शेजारची चिंधी घेऊन बोटाला गुंडाळली. चिंधी लाल झाली. तिनं दुसरी घेतली, तीही ओली झाली. जागीच दाबून धरलेलं बोट दहा मिनिटांनी सोडलं, तरी थेंब वर आलाच. बाही मागे सरकली होती. कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे डाग होते, कुठे मशीनला हात लागलेला, कुठे दाराला.

असे डाग भिंगबाईंनी पूर्वी पाहिले होते, आईच्या हातावर. आईलाही हेच औषध होतं. तेव्हा योजनेला वर्षाच्या खर्चाची मर्यादा होती, आणि ती संपली की शेवटचे तीन महिने औषध पदरचं घ्यावं लागे. दोन वर्षं घेतलं. तिसऱ्या वर्षी आईच्या हातावरचे डाग नाहीसे झाले, आणि त्वचा सुधारली म्हणून लेकीला बरंच वाटलं. पक्षाघाताचा झटका येऊन महिनाभरानं आई गेल्यावर उशीच्या अभ्र्यात कागदाची पुडी सापडली, आत सुरीनं कापलेल्या अर्ध्या गोळ्या. आई अर्धी घेत होती आणि अर्धी पुढच्या महिन्यासाठी ठेवत होती. आणि लेक त्याच कार्यालयात इतरांची प्रकरणं तपासत होती.

"तुम्हाला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत," भिंगबाई हळूच म्हणाल्या. "कुठून येतात?"

शिलाईबाईनं चिंधी बदलली. त्यात लपवण्यासारखं काय आहे हेच तिला कळेना.

"शाळेच्या मदत निधीतून. हेडबाईंनी जाण्याआधी व्यवस्था करून ठेवली ना. नकाशेकाका दर महिन्याला आणून देतात."

अशा नावाचा निधी त्या शाळेत नव्हता. भिंगबाईंनी शाळेची कागदपत्रं सकाळीच पाहिली होती.

५

गोळ्या कुठे जातात ते कळलं. का जातात तेही कळलं. राहिला तो मूळ प्रश्न: मेलेल्या बाईची खरी सही दर महिन्याला येते कशी?

रविवारी सकाळी भिंगबाईंनी घरच्या जेवणाच्या टेबलावर चौदा चिठ्ठ्या तारखेनुसार ओळीत मांडल्या. भिंग घेतलंच नाही. खुर्ची मागे सारून लांबूनच पाहत राहिल्या.

जवळून जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. मृत्यूनंतरच्या पहिल्या महिन्यातली सही कापरी होती, रेघेखाली घसरलेली, शेवटची वेलांटी अर्धवट. तिसऱ्या महिन्यात वेलांटी पूर्ण झालेली. सातव्यात अक्षरं रेघेवर आली होती. गेल्या सोमवारची सही तर चांगलीच सावरलेली. म्हणजे हेडबाई गेल्यानंतर महिन्यागणिक बऱ्या होत चालल्या होत्या.

भिंगबाईंनी ओळ पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग त्यांना आईच आठवली. शेवटच्या आजारपणात बँकेच्या पाच कागदांवर आईच्या सह्या घ्यायच्या होत्या. पहिली ठीक आली. दुसरीत हात हलला, आणि पाचवी तर कागदाच्या कडेवरून खाली उतरली होती. आजारी हात एका बैठकीत बरा होत नाही, दमतच जातो. सही सुधारत असेल तर तारखांचा क्रम सह्यांचा क्रम नव्हे. तो उलटा आहे.

त्यांनी चिठ्ठ्यांचे छापील क्रमांक पाहिले. ते कार्यालयात आजवर कुणीच पाहत नव्हतं. पहिल्या महिन्याची चिठ्ठी चोवीस क्रमांकाची. मग तेवीस, बावीस, एकवीस. गेल्या सोमवारची अकरा.

म्हणजे चोवीसही सह्या एकाच वेळी झालेल्या. पुस्तकातून चिठ्ठी सुटी करायची, सही घ्यायची, ती आधीच्यावर ठेवायची. शेवटची, सगळ्यात दमलेली सही गठ्ठ्याच्या वर राहिली आणि सगळ्यात आधी वापरली गेली.

आता गठ्ठ्यात दहा उरल्या असतील, दहा ते एक. आणि त्या दहांमध्ये हेडबाईंचा हात आणखी आणखी धड होत जाणार होता.

भिंगबाईंनी चिठ्ठ्या गोळा करून फाईलमध्ये ठेवल्या. मग उठून साडी बदलली आणि सुट्टीचा दिवस असूनही निघाल्या.

६

नकाशेकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. क्रमांकांची गोष्ट आली तेव्हा, एका आरेखकानं दुसऱ्याचा नकाशा पाहावा तसे ते भिंगबाईंकडे पाहू लागले.

मग बोलले. हेडबाईंनी आयुष्यात शाळेतली एक पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती. शेवटच्या आजारात त्यांना कळलं की शिलाईबाई गोळ्या एक दिवसाआड घेते, कारण महिन्याच्या गोळ्यांना तिची निम्म्याहून जास्त कमाई जाते. अर्जाचं काय झालं म्हणून कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, अशा अर्जाला दोन वर्षं लागतात. त्याच आठवड्यात चिठ्ठ्यांचं नवं पुस्तक आलेलं. एका दुपारी त्यांनी लेखणी मागितली.

"मी माझा फळा धरला, नकाशे काढायचा," ते म्हणाले. "एकेक चिठ्ठी फाडून द्यायचो. दहा झाल्यावर म्हटलं, पुरे. अठरा झाल्यावर हात धरला. तर म्हणाली, दोन वर्षांत निकाल लागेल. तोवर मी आहे."

हे चूक आहे हे ठाऊक होतं, असं ते म्हणाले. पहिली चिठ्ठी शिलाईबाईसाठीच नेली. पण पुढे पुढे स्वतःसाठीही महिन्याची वाट पाहू लागले. वरची चिठ्ठी काढली की खालची दिसायची, आणि ती जरा ठीक असायची. पलंगावर पडलेली बायको त्यांना आठवायला नको होती. दर महिन्याला ती थोडी थोडी मागे येत होती.

"म्हटलं, एक नंबरला पोचेपर्यंत तरी जगावं," ते म्हणाले.

भिंगबाईंनी उरलेल्या चिठ्ठ्या मागितल्या. त्यांनी शर्टांच्या घडीखालून पाकीट काढलं. आतल्या दहा चिठ्ठ्या मोजल्या, नऊ दिल्या. एक क्रमांकाची मात्र हातात धरून राहिले. ती सही ठसठशीत होती, सरळ. ती ठेवू देता येईल का, असं त्यांनी विचारलं नाही. भिंगबाईंनीही हात मागे घेतला नाही, कारण मोजणी दहाची होती आणि कागद खोटा करायचा नव्हता. पण घाईही केली नाही. खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीपर्यंत सरकलं, तेव्हा नकाशेकाकांनी ती चिठ्ठी आपण होऊन त्यांच्या हातावर ठेवली.

७

भिंगबाईंनी अहवालात सगळं लिहिलं, काही झाकलं नाही आणि काही रंगवलंही नाही. चौदा डब्यांची किंमत नकाशेकाकांच्या निवृत्तिवेतनातून हप्त्यांनी कापायचं ठरलं. ते त्यांनी एका शब्दानंही न कुरकुरता मान्य केलं.

पण अहवालाला त्यांनी एक जोडपत्र लावलं. हेडबाईंचा अर्ज त्यांनी तीन दिवस शोधला होता. तो फेटाळलेलाही नव्हता आणि मंजूरही नव्हता. एक शिक्का राहिला म्हणून 'अपूर्ण' अशा गठ्ठ्यात पडला होता, आणि तो गठ्ठा उघडणं हे कुणाचंच काम नव्हतं. साहेब त्यावर हात झटकू पाहत होते. भिंगबाईंनी त्यांना विचारलं, की मेलेल्या बाईनं चौदा महिने सह्या का केल्या, हे वरच्यांनी विचारलं तर काय सांगायचं? साहेबांनी सुनावणीची तारीख लावली.

शिलाईबाईला खरं कळलं तेव्हा ती भडकली. उरलेला अर्धा डबा तिनं नकाशेकाकांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि दार लावून घेतलं. मला भीक नको होती, एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी तिला जुन्या, स्वस्त गोळ्या लावल्या. त्यांच्यासाठी दर पंधरा दिवसांनी रक्त तपासावं लागे. पहिल्या खेपेला नकाशेकाका तिच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून प्रयोगशाळेपर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. तिनं मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला तिनं मागे वळून म्हटलं, की चालायचंच असेल तर नीट बरोबर चाला, लोक बघतात.

सुनावणी सात महिन्यांनी झाली. समितीनं पुरावा मागितला. हेडबाईंनी अर्जासोबत एकोणीस वर्षांची हजेरी स्वतः उतरवून जोडली होती. तिच्यातल्या अकरा वर्षांवर शाळेचा शिक्का मिळाला. गरज दहाची होती. दुपारी चार वाजता समितीच्या अध्यक्षांनी सही केली, आणि शिलाईबाईचं नाव योजनेत आलं.

नकाशेकाका बाहेरच्या बाकावर बसले होते. भिंगबाईंनी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. ते उठले. चेहरा असा उजळला, की ऐन वयात हा माणूस कसा दिसत असेल ते भिंगबाईंना कळलं. छत्री घेऊन ते लगबगीनं जिन्याकडे वळले.

"चला, निघतो," ते म्हणाले. "आधी घरी जाऊन..."

आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. वाक्य तिथंच राहिलं. पुढचे शब्द कोणते होते ते भिंगबाईंना चांगलंच कळलं होतं.

तेवढ्यात शिलाईबाई आतून आली, हातात नवं कार्ड. तिनं दोघांकडे पाहिलं.

"काय म्हणत होता?" तिनं विचारलं.

"काही नाही. घरी जाऊन हिला सांगणार होतो."

शिलाईबाईनं कार्ड पिशवीत ठेवलं, पिशवी खांद्याला लावली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन उभी राहिली.

"मग मला सांगा," ती म्हणाली. "मी आतच होते, तरी सांगा. बाईंना सांगितलं असतं तसं, पहिल्यापासून."

त्यांनी छत्री काखेत धरली. मग एक पायरी उतरले, आणि सांगू लागले की सकाळी समितीचे अध्यक्ष कसे अर्धा तास उशिरा आले, आणि बाक किती अवघड होता. ती मधेच काहीतरी खोडून काढत होती. दोघांचे आवाज जिन्यावरून खाली उतरत गेले, आणि ऐकू येईनासे होईपर्यंत भिंगबाई वरच कठड्याला धरून उभ्या राहिल्या.